‘हिअरबाय’ : अर्थ आणि वापर यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘हिअरबाय’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

‘हिअर’ आणि ‘बाय’ हे दोन साधे इंग्रजी शब्द जोडून हे क्रियाविशेषण तयार झाले आहे. त्याचा अर्थ ‘या लेखाने’, ‘या वाक्याने’ किंवा ‘या कृतीने’ असा होतो. त्यातला ‘हिअर’ जागा दाखवत नाही. वाचणाऱ्याच्या हातात असलेला कागद किंवा त्या क्षणी उच्चारले जाणारे वाक्य तो दाखवतो. मराठीत त्यासाठी ‘याद्वारे’ हा शब्द रूढ आहे. ‘या पत्राने’, ‘या नोटिशीने’, ‘या लेखान्वये’ असेही लिहिले जाते, आणि पुष्कळदा ते अधिक स्पष्ट असते, कारण ‘याद्वारे’मधला ‘या’ नेमका कशासाठी आहे हे त्यात उघड सांगितलेले असते.

हा शब्द पहिल्यापासून कायद्याच्याच भाषेतला आहे का?

नाही. जुन्या इंग्रजीत तो साध्या व्यवहारातला शब्द होता. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकाच्या चौथ्या अंकाच्या आरंभी एक वनरक्षक राजकन्येला शिकारीसाठी उभे राहण्याची जागा सांगताना ‘हिअरबाय’ म्हणतो, आणि त्याचा अर्थ केवळ ‘इथे जवळच, त्या झाडीच्या कडेला’ एवढाच असतो. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात, योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, ‘हिअरबाय वी डू नो’ असे शब्द येतात, आणि तिथे त्याचा अर्थ ‘यावरून आपल्याला कळते’ असा आहे. हे दोन्ही अर्थ आता मागे पडले असून विधी, प्रशासन आणि औपचारिक पत्रव्यवहार एवढ्यातच हा शब्द टिकून राहिला आहे. जर्मनमधला ‘हीअरमिट’ आणि डचमधला ‘हीअरबाय’ हे त्याचे भाऊबंद आजही तेच काम करतात.

हा शब्द वाक्यात नेमके काय करतो? तो काढला तर काय बिघडते?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल.

आपण जी वाक्ये बोलतो किंवा लिहितो त्यांतली बहुतेक वाक्ये काही तरी कळवतात : पाऊस पडतो आहे, दुकान बंद आहे, सभा सोमवारी आहे. काही वाक्ये मात्र कळवत नाहीत, करतात. ‘मी राजीनामा देतो’ असे अधिकारी व्यक्तीने योग्य ठिकाणी लिहून दिले की त्या लिहिण्यानेच राजीनामा दिला जातो. ते वाक्य दुसरीकडे कुठे घडलेल्या राजीनाम्याचे वर्णन करत नसते. वचन देणे, इशारा देणे, नेमणूक करणे, कायदा रद्द करणे, मालमत्ता हस्तांतरित करणे, माफी जाहीर करणे ही सगळी या जातीची कामे आहेत. ‘हिअरबाय’ हा शब्द वाक्याची ही जात उघड करतो. ‘हे वाक्य म्हणजेच ती कृती आहे’ असे तो वाचणाऱ्याला सांगतो.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत या प्रकारच्या वाक्यांचा पद्धतशीर विचार मांडला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ साली ती व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अशी वाक्ये ओळखण्याची एक उपयुक्त खूण म्हणून त्यांनी ‘हिअरबाय’ याच शब्दाकडे बोट दाखवले. त्यांची उदाहरणे रेल्वे स्थानकावरच्या किंवा खासगी जमिनीच्या कुंपणावरच्या पाटीसारखी अगदी साधी आहेत. ‘अतिक्रमण करणाऱ्यांवर खटला भरला जाईल अशी याद्वारे सूचना देण्यात येते’ या पाटीवर सूचना ‘देण्यात येते’ म्हटले आहे, आणि ती दुसरीकडे कुठेही दिली जात नाही. पाटी हीच सूचना.

काळाच्या फरकाने हेच अधिक ठळक दिसते. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ८ ऑगस्ट १९७४ च्या रात्री दूरचित्रवाणीवरून देशाला सांगितले की, ‘आय शॅल रिझाइन’, म्हणजे मी उद्या दुपारी बारापासून पद सोडणार आहे. ते भाषण साऱ्या जगाने ऐकले, तरी त्या भाषणाने राजीनामा झाला नाही. तो एक मनोदय होता. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्या नावे जे पत्र गेले त्यात मजकुराचे एकच वाक्य होते : ‘आय हिअरबाय रिझाइन द ऑफिस ऑफ प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स.’ किसिंजर यांनी त्यावर ११ वाजून ३५ मिनिटे अशी वेळ टाकून आद्याक्षरे केली. ना कारण, ना खंत, ना आभार. राजीनामा इतका कोरडा क्वचितच असतो; पण ‘हिअरबाय’ म्हणजे काय, हे शिकवायला याहून नेटके वाक्य मिळणे कठीण आहे.

एखाद्या वाक्यात हा शब्द शोभतो की नाही, हे कसे ओळखावे?

वाक्यात तो घालून पाहावा आणि ते वाक्य आपल्याच तोंडून उच्चारले जाण्याने ती क्रिया पूर्ण होते का, असे स्वतःला विचारावे. ‘मी याद्वारे आपणांस इशारा देतो’ हे जमते, कारण इशारा शब्दांनीच दिला जातो. ‘मी याद्वारे आपले मन वळवतो’ हे जमत नाही, कारण मन वळणे न वळणे समोरच्याच्या हाती आहे. ‘मी याद्वारे माफी मागतो’ हे ठीक, पण ‘मी याद्वारे पश्चात्ताप पावतो’ हे हास्यास्पद. त्याच न्यायाने कोणाला ‘मी याद्वारे आपला अपमान करतो’ असे म्हणता येत नाही, हे विशेष आहे : अपमान शब्दांनीच होतो, तरी तो अशा सूत्रबद्ध वाक्याने करण्याची सोय कोणत्याही भाषेने ठेवलेली दिसत नाही.

भारताच्या संविधानात हा शब्द आला आहे का?

आला आहे, आणि अगदी दर्शनी जागी. उद्देशिकेच्या इंग्रजी पाठाच्या शेवटच्या ओळीत ‘डू हिअरबाय अडॉप्ट, इनॅक्ट अँड गिव्ह टू अवरसेल्व्ह्ज धिस कॉन्स्टिट्यूशन’ असे शब्द आहेत. आपल्याकडे पाठ्यपुस्तकांच्या आरंभी छापल्या जाणाऱ्या मराठी पाठात तीच ओळ ‘आज दिनांक सव्वीस नोव्हेंबर, १९४९ रोजी याद्वारे हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करत आहोत’ अशी आहे, तर हिंदी पाठात ‘एतद् द्वारा’ आहे. शाळेत ही उद्देशिका सामूहिकपणे म्हणताना ‘याद्वारे’ हा शब्द बहुतेकांच्या जिभेवरून घसरून जातो. वास्तविक पूर्ण वाक्याचा भार त्याच्यावर आहे. तो नसता तर ‘लोकांनी संविधान स्वीकारले’ ही इतिहासातली नोंद ठरली असती. तो असल्यामुळे स्वीकारण्याची क्रिया त्या ओळीतच घडते, आणि वाक्याचा कर्ता ‘आम्ही, भारताचे लोक’ असल्यामुळे ती दुसऱ्या कोणाच्या देणगीने घडत नाही.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. ‘याद्वारे’ स्वीकार त्याच दिवशी झाला, पण संविधान अमलात मात्र टप्प्याने आले. अनुच्छेद ३९४ नुसार नागरिकत्व, निवडणुका इत्यादींविषयीचे काही मोजके अनुच्छेद लगेच लागू झाले आणि उरलेले २६ जानेवारी १९५० पासून. एखादी कृती करणे आणि तिचा परिणाम सुरू होणे या दोन तारखा वेगळ्या असू शकतात, आणि ‘हिअरबाय’ यांपैकी पहिलीच गोष्ट सांगतो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द आले तेव्हाही स्वीकाराची तारीख २६ नोव्हेंबर १९४९ हीच राहिली. यावरून पुढे न्यायालयात वादही झाले, आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांना आव्हान देणाऱ्या याचिका फेटाळताना संसदेचा दुरुस्तीचा अधिकार उद्देशिकेलाही लागू असल्याचे स्पष्ट केले.

संविधानाच्या अगदी शेवटीही हा शब्द भेटतो. अनुच्छेद ३९५ ने १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य अधिनियम आणि १९३५ चा भारत शासन अधिनियम ‘आर हिअरबाय रिपील्ड’ म्हणून निरसित केले. ज्या कायद्याने ब्रिटिश संसदेने भारताला स्वातंत्र्य दिले तोच कायदा भारताच्या संविधानसभेने एका ओळीत रद्द करावा, यातली हिंमत त्या ओळीच्या रुक्षपणामुळे सहसा ध्यानात येत नाही.

‘हिअरबाय’ लिहिल्यामुळे मजकुराला कायदेशीर बळ मिळते का?

मिळत नाही. बळ येते ते अधिकारातून आणि विहित रीतीतून. शब्द फक्त हेतू स्पष्ट करतो. ज्याला नेमण्याचा अधिकार नाही त्याने दहा वेळा ‘हिअरबाय अपॉइंट’ लिहिले तरी नेमणूक होत नाही.

उलट बाजूने पाहिले तर हा शब्द नसतानाही मोठमोठ्या कृती झालेल्या आहेत. संविधानाचा अनुच्छेद १७ ‘अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे’ असे म्हणतो. मूळ इंग्रजीत ‘इज अबॉलिश्ड’ एवढेच आहे, ‘हिअरबाय’ नाही, आणि तरीही ते वर्णन नसून आज्ञा आहे हे कोणालाही समजते. वर्णन म्हणून वाचले तर ते वाक्य १९४९ साली खोटे होते, आणि दुर्दैवाने आजही पूर्णपणे खरे झालेले नाही. म्हणूनच ते कृती म्हणून वाचावे लागते. आपल्या खिशातल्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे धारकाला रक्कम अदा करण्याचे वचन छापलेले असते. त्यातही हा शब्द नाही.

शब्द असूनही अपेक्षित कृती पूर्ण न होण्याचे उदाहरण हवे असेल तर ब्रिटनच्या आठव्या एडवर्डचे घ्यावे. १० डिसेंबर १९३६ रोजी या राजाने आपल्या तीन भावांच्या साक्षीने सही केलेल्या लेखात ‘डू हिअरबाय डिक्लेअर’ असे शब्द आहेत, पण जाहीर काय केले आहे हे नीट वाचावे : सिंहासन सोडण्याचा आपला अटळ निश्चय. त्या लेखाने निश्चय जाहीर झाला, सिंहासन सुटले नाही. ते सुटले दुसऱ्या दिवशी, संसदेने केलेल्या अधिनियमाला त्याच राजाने संमती दिली तेव्हा. म्हणून ‘हिअरबाय’ दिसला की त्याच्या लगतचे क्रियापद कोणते आहे हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. तो शब्द त्या क्रियापदापलीकडे एक पाऊलही जात नाही.

केवळ या शब्दावरून एखाद्या खटल्याचा निकाल फिरला आहे का?

फिरला आहे, आणि आपल्याकडच्या संगणक व औषध क्षेत्रातल्या नोकरदारांनी तो प्रसंग जरूर माहीत करून घ्यावा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका संशोधकाने विद्यापीठाशी केलेल्या करारात आपल्या शोधांचे हक्क ‘अग्री टू असाइन’, म्हणजे ‘हस्तांतरित करण्याचे मान्य करतो’, असे लिहून दिले होते. पुढे एक तंत्र शिकण्यासाठी तो सीटस या कंपनीत गेला असता तिथे त्याने सही केलेल्या कागदात ‘डू हिअरबाय असाइन’, म्हणजे ‘याद्वारे हस्तांतरित करतो’, असे शब्द होते. एचआयव्हीच्या मोजणीशी संबंधित पेटंटांवरून नंतर वाद झाला, तेव्हा पेटंटविषयक अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००९ साली असा निर्णय दिला की पहिला कागद हे भविष्यातले वचन होते, तर दुसऱ्या कागदाने हक्क प्रत्यक्षात दिले गेले. परिणामी तारखेने नंतरचा असूनही दुसरा कागद वरचढ ठरला आणि सीटसकडून तो व्यवसाय घेतलेल्या रोश कंपनीचा फायदा झाला. २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही निकाल रोशच्या बाजूने कायम ठेवला. मात्र त्याने प्रामुख्याने सरकारी अनुदानातून झालेल्या संशोधनाच्या कायद्याचा विचार केला, करारातील शब्दांच्या या अर्थनिर्णयाचा नाही.

त्यानंतर अनेक अमेरिकी विद्यापीठांनी आपल्या करारांचे नमुने बदलून त्यांत ‘हिअरबाय असाइन’ घातले. पुण्यात किंवा हैदराबादेत एखाद्या अमेरिकी कंपनीच्या नोकरीच्या कागदांवर सही करताना हे दोन शब्द दिसले, तर पुढे लावल्या जाणाऱ्या शोधांचे हक्क आजच सोडले जात आहेत, असा त्यांचा आशय असतो. सही करावी की नाही हा वेगळा प्रश्न. आपण काय करत आहोत हे ठाऊक असावे.

वाक्यात त्याची जागा कोणती आणि काळ कोणता?

तो मुख्य क्रियापदाच्या लगत आधी येतो : ‘आय हिअरबाय डिक्लेअर’, ‘नोटिस इज हिअरबाय गिव्हन’. काळ साधा वर्तमान. ‘आय अॅम हिअरबाय डिक्लेअरिंग’ हे चालू वर्तमानातले रूप आपल्याकडच्या अर्जांत फार दिसते, ते टाळावे. ‘शॅल हिअरबाय’ तर त्याहून वाईट, कारण भविष्यकाळ आणि ‘याच क्षणी’ हे दोन्ही एका क्रियापदावर लादले जातात आणि करार आज संपला की पुढे संपणार आहे, हे कळेनासे होते.

‘हिअरविथ’, ‘हिअरइन’, ‘देअरबाय’ हे याचेच पर्याय आहेत का?

हे नातलग आहेत, पर्याय नव्हेत. ‘हिअरविथ’ म्हणजे ‘यासोबत’. पत्राला कागद जोडला असेल तर तो, आणि तिथे ‘हिअरबाय अटॅच्ड’ लिहिणे ही सरळ चूक आहे. ‘हिअरइन’ म्हणजे ‘या लेखात’, आणि ‘हिअरइनआफ्टर’ म्हणजे ‘यापुढे या लेखात’. मराठी दस्तांतले ‘ज्यांचा उल्लेख यापुढे लिहून देणार असा केला आहे’ हे त्याचेच काम करते. ‘देअरबाय’ हा मात्र रोजच्या इंग्रजीतही जिवंत आहे आणि आधी सांगितलेल्या गोष्टीचा परिणाम सांगतो : रस्ता रुंद केला आणि त्यामुळे कोंडी कमी झाली. ‘व्हेअरबाय’ म्हणजे ‘ज्यायोगे’.

बायोडेटाच्या शेवटी ‘आय हिअरबाय डिक्लेअर’ लिहावे का?

वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, असे जाहीर करणारे हे वाक्य, त्याखाली स्थळ, दिनांक आणि सही, ही भारतीय बायोडेटाची जुनी प्रथा आहे. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे, कारण जाहीर करणे ही शब्दांनीच होणारी क्रिया आहे. सरकारी भरतीच्या विहित नमुन्यात ते मागितलेले असेल तर लिहावेच. खासगी नोकरीसाठी, विशेषतः परदेशी कंपनीसाठी, त्याची गरज नाही. ब्रिटन-अमेरिकेत ही प्रथा नाही आणि तेथील वाचणाऱ्याला ते शपथपत्रासारखे वाटते. साध्या ई-मेलमध्ये ‘आय हिअरबाय इन्फॉर्म यू’ लिहून दुपारच्या बैठकीची वेळ कळवणे तर निव्वळ थाट आहे.

मराठीत ‘याद्वारे’ हाच प्रतिशब्द योग्य आहे का? ‘याव्दारे’ की ‘याद्वारे’?

शासकीय मराठीत ‘याद्वारे’ पूर्णपणे रुजला आहे. महाराष्ट्राच्या अधिनियमांची सुरुवात ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’ अशा रचनेने होऊन भारतीय गणराज्याच्या अमुक वर्षी ‘याद्वारे पुढील अधिनियम करण्यात येत आहे’ या वाक्याने होते. इंग्रजी पाठात त्याच जागी ‘इट इज हिअरबाय इनॅक्टेड’ असते. ‘एतद्द्वारे’ हे रूपही आढळते, पण ते उच्चारायलाही अवघड आहे.

लेखनाबाबत : मूळ शब्द ‘द्वार’, म्हणजे आधी द आणि मग व. ‘याव्दारे’ हे उलटे जोडाक्षर वर्तमानपत्रांतल्या जाहीर नोटिशांत आणि कार्यालयीन पत्रांत सर्रास छापलेले दिसते, पण ते चूक आहे.

प्रतिशब्द रूढ असला तरी तो प्रत्येक ठिकाणी लागतोच असे नाही, कारण आपल्या जुन्या दस्तलेखनाने हे काम क्रियापदानेच केले आहे. खरेदीखतातले ‘कारणे खरेदीखत लिहून देतो की’ हे शब्द पाहावेत. ‘लिहून देतो’ या दोन शब्दांत लेखही आहे आणि देणेही आहे. लिहिण्यानेच दिले जाते, हे त्यातून आपोआप निघते. प्रतिज्ञापत्रातले ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ हेही तसेच. इंग्रजी नमुन्याचा अनुवाद करताना त्यात ‘मी याद्वारे सत्यप्रतिज्ञेवर याप्रमाणे लिहून देतो की’ अशी भर घालणाऱ्यांनी ती एकदा वाचून पाहावी.

‘हिअरबाय’चा उच्चार कसा करावा?

आघात बहुधा ‘बाय’वर येतो. ब्रिटिश उच्चारात ‘र’ जवळजवळ ऐकू येत नाही.

अमेरिकी नागरिकत्वाच्या शपथेतल्या ‘हिअरबाय’मुळे भारतीय नागरिकत्व जाते का?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न बऱ्याचदा निघतो. त्या शपथेची सुरुवात ‘आय हिअरबाय डिक्लेअर, ऑन ओथ’ अशी असून त्यात कोणत्याही परकीय राजा वा राज्यावरील निष्ठा संपूर्णपणे सोडल्याचे जाहीर केले जाते. ते जाहीर करणे अमेरिकेच्या कायद्यासाठी असते. भारतीय नागरिकत्व संपते ते या शब्दांमुळे नव्हे, तर भारताच्याच नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ मुळे, ज्यानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणारा प्रौढ माणूस भारताचा नागरिक राहत नाही. ब्रिटनच्या शपथेत अशी निष्ठा सोडण्याची भाषा नाही, तरी ब्रिटिश नागरिकत्व घेणाऱ्या भारतीयाच्या बाबतीत परिणाम तोच होतो. दोन्ही ठिकाणी त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही. तो भारतीय वकिलातीकडे परत करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते.